वाचकाची नोंदवही आणि खिशातला फोन

(वाचनालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शंभर वर्षे पुरी करणाऱ्या संस्थेच्या व्यासपीठावर बोलण्याचा मान मिळणे ही माझ्यासारख्या उद्यमबागेतल्या माणसाच्या दृष्टीने मोठीच गोष्ट आहे. ह्या व्यासपीठावरून साहित्य, संतवाङ्मय, इतिहास आणि नाटक ह्या विषयांवर अधिकारी वक्त्यांनी विचार मांडलेले आहेत. मी साहित्यिक नव्हे. माझे आयुष्य लेथ, ड्रॉइंग आणि ओतकाम ह्यांच्या सहवासात गेले. तेव्हा विषयही मी माझ्या आवाक्यातला निवडला आहे. आपल्या प्रत्येकाजवळ जो स्मार्टफोन आहे, त्यातील सेवा कोणाच्या मालकीच्या आहेत, त्या आपल्याविषयी काय टिपून ठेवतात आणि त्यांना मुक्त व खासगीपणा जपणारे पर्याय आहेत की नाहीत, ह्याचा विचार आज करावयाचा आहे. 'हा विषय वाचनालयात कशाला?' अशी शंका आपल्यापैकी काहींच्या मनात आली असेल. म्हणून सुरुवात वाचनालयापासूनच करतो.

ग्रंथ देवघेवीच्या टेबलावर एक नोंदवही असते. कोणत्या सभासदाने कोणते पुस्तक कधी नेले आणि कधी परत केले, ह्याचा तो हिशेब. वरवर पाहता काम रुक्ष आहे; परंतु त्या रकान्यांत माणसाचे अंतरंग उतरलेले असते. कोणी एकामागून एक मधुमेहावरची पुस्तके नेतो, एखादी गृहिणी घटस्फोटाच्या कायद्याचे पुस्तक मागते, एखादा तरुण घरच्या श्रद्धांना छेद देणारे वाचन करीत असतो. ग्रंथपाल हे सारे पाहतो आणि कोणालाही सांगत नाही. सुनेने काय वाचायला नेले, हे सासऱ्यांनी येऊन विचारले तरी तो हसून विषय बदलतो. हा नियम फलकावर लिहिलेला नसतो, पण तो पाळला जातो म्हणूनच माणसे निर्धास्तपणे वाचतात.

अमेरिकेतील ग्रंथालय संघटनेने १९३९ साली आपल्या आचारसंहितेत वाचकांविषयीची खासगी माहिती गुप्त राखणे हे ग्रंथपालाचे कर्तव्य म्हणून नमूद केले. पुढे सप्टेंबर २००१ मधील दहशतवादी हल्ल्यांनंतर तेथे 'पेट्रियट अ‍ॅक्ट' झाला आणि अशा नोंदी मागण्याचा सरकारचा अधिकार विस्तारला. त्याविरुद्ध आवाज उठविणाऱ्यांत ग्रंथपाल आघाडीवर होते. पुस्तक परत आले की त्याची नोंद पुसून टाकण्याचा परिपाठ काही ग्रंथालयांनी ठेवला. नोंदच उरली नाही तर मागणारा मागणार काय? आपल्याकडे डॉ. एस. आर. रंगनाथन ह्यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पंचसूत्री मांडली. प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळाला पाहिजे, हे तीतले एक सूत्र. रंगनाथन ह्यांच्या आयुष्याची अखेरची वर्षे आपल्याच राज्यात, बंगळूरला गेली. त्यांच्या त्या सूत्राचा अर्थ मी माझ्यापुरता असा लावतो की, वाचकाला त्याचा ग्रंथ मिळावयाचा असेल तर तो मागताना त्याला संकोच वाटता कामा नये.

आता फोनकडे वळू. आज माणूस आपली शंका ग्रंथपालाला विचारण्यापूर्वी फोनला विचारतो. मधुमेह, कायदा, कर्ज, मुलीचे स्थळ, मनातली धास्ती, सारे काही त्या काचेवर लिहिले जाते. म्हणजे वाचकाची नोंदवही आता वाचनालयाच्या टेबलावर राहिलेली नाही. ती दूरदेशीच्या कंपन्यांच्या संगणकांत भरली जात आहे, आणि ती पुष्कळच तपशीलवार आहे. तीत आपण काय शोधले हे असते, कोठे गेलो हे असते, कोणाशी किती वेळा बोललो हेही असते. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातील प्राध्यापक डग्लस लीथ ह्यांनी २०२१ साली मोजमाप करून दाखविले की, फोन नुसता टेबलावर पडून असला तरी सरासरी दर साडेचार मिनिटांनी तो आपल्या कंपनीच्या संगणकांशी संपर्क साधतो. अँड्रॉइड आणि आयफोन दोन्ही ह्या मोजणीत होते. मोजण्याच्या पद्धतीवर गूगलने आक्षेप घेतला आणि फोन सुरक्षित व अद्ययावत ठेवण्यासाठी असा संपर्क आवश्यक असतो असे सांगितले. त्यात तथ्य असेलही. तरी आपला फोन आपल्याविषयी कोणाशी काय बोलतो, हे आपल्याला तपासता येत नाही, एवढे त्यातून निश्चित होते.

ह्या कंपन्या दुष्ट आहेत असे मी म्हणणार नाही. त्यांच्या पुष्कळशा सेवा आपल्याला विनामूल्य मिळतात आणि त्यांचा खर्च मुख्यतः जाहिरातींतून निघतो. ज्याला जाहिरात विकायची आहे त्याला गिऱ्हाइकाची आवडनिवड कळणे हवेच असते. व्यवहार सरळ आहे. फक्त आपण काय मोजतो आहोत हे आपल्याला दिसत नाही.

उद्यमबागेतल्या श्रोत्यांना हे अधिक लवकर पटेल. फाउंड्रीत गिऱ्हाइकाचा पॅटर्न येतो. तो आपल्या पॅटर्न-स्टोअरमध्ये वर्षानुवर्षे राहतो, पण त्यावरून दुसऱ्याचा माल आपण ओतीत नाही. मशीन-शॉपमध्ये ड्रॉइंग येते. ते शेजारच्या शॉपला दाखविले जात नाही. ह्या विश्वासावर आपला जॉब-वर्कचा धंदा उभा आहे. आता तेच ड्रॉइंग सुपरवायझर फोनवर टिपतो, फोन ते छायाचित्र आपोआप दूरच्या साठवणीत चढवितो, आणि गिऱ्हाइकाची वस्तू आपल्या कपाटाबाहेर कोठे गेली हे मालकाला ठाऊकही नसते. वाचकाची नोंदवही आणि गिऱ्हाइकाचे ड्रॉइंग ह्या दोन्ही ठेवी आहेत. ठेव सांभाळणाऱ्याने ती कोठे ठेवली आहे हे सांगता आले पाहिजे.

येथे 'मुक्तस्रोत' ह्या शब्दाचा अर्थ सांगतो. फोनमधील प्रत्येक सेवेच्या मागे माणसाने लिहिलेली आज्ञावली असते. बहुतेक कंपन्या ती बंद ठेवतात. जेव्हा ती कोणालाही वाचण्यासाठी खुली असते, आणि वापरण्याचा, अभ्यासण्याचा, सुधारण्याचा व इतरांना देण्याचा अधिकार परवान्यानेच दिलेला असतो, तेव्हा तिला मुक्त किंवा मुक्तस्रोत सॉफ्टवेअर म्हणतात. ही कल्पना एका छपाईयंत्रामुळे जोर धरून उठली. सुमारे १९८० साली अमेरिकेतील एमआयटी ह्या संस्थेच्या प्रयोगशाळेत झेरॉक्स कंपनीचा एक नवा प्रिंटर आला. त्यात कागद अडकत असे. रिचर्ड स्टॉलमन ह्या तरुण प्रोग्रामरला त्याच्या आज्ञावलीत थोडी सुधारणा करावयाची होती. जुन्या प्रिंटरला त्याने तशी केलेलीही होती. परंतु ह्या वेळी आज्ञावली दाखविण्यास नकार मिळाला. दुरुस्ती येत असूनही हात बांधलेले, ही अवस्था आपल्यातील कोणताही फिटर ओळखील. स्टॉलमनने सप्टेंबर १९८३ मध्ये 'ग्नू' प्रकल्पाची घोषणा केली. १९९१ साली फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स ह्या विद्यार्थ्याने 'लिनक्स' नावाचा गाभा लिहिला आणि ही चळवळ जगभर पसरली.

सीलबंद खोके आणि ड्रॉइंगसह मिळालेले यंत्र ह्यांत जो फरक, तोच येथे आहे. ड्रॉइंग हाती असले की मूळ कारखाना बंद पडला तरी सुटा भाग उद्यमबागेत तयार करून घेता येतो. यंत्र फुकट मिळाले की विकत घेतले, हा वेगळा प्रश्न आहे.

बंद व्यवस्थेचे फळ आपण मराठी वाचकांनीही चाखलेले आहे. १९९० च्या दशकात मराठी अक्षरजुळणी संगणकावर होऊ लागली. श्रीलिपी, आकृती, आयएसएम अशा निरनिराळ्या प्रणाली आल्या. त्यांनी मराठी मुद्रणाची मोठीच सोय केली, हे कृतज्ञतेने सांगितले पाहिजे. परंतु प्रत्येकीने अक्षरांना आपापले सांकेतिक क्रमांक दिले. एका टंकात जुळविलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की अगम्य चिन्हांची रांग दिसे. भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' हे मानक होते आणि युनिकोडच्या १९९१ मधील पहिल्या आवृत्तीतही देवनागरी होती. परंतु व्यवहारात ती रुळायला आणखी बरीच वर्षे गेली. परिणाम असा की, शंभर वर्षांपूर्वी खिळ्यांनी छापलेले पुस्तक आपण आजही उघडून वाचतो, आणि तीस वर्षांपूर्वीच्या स्मरणिकेची संगणकीय प्रत वाचायला मात्र तज्ज्ञ शोधावा लागतो.

ह्या कोंडीतून बाहेर पडण्यास मुक्त टंकांचे साह्य झाले. मुंबईच्या व्हीजेटीआयमधील प्रा. जितेंद्र शहा ह्यांच्या पुढाकाराने 'इंडिकट्रान्स' ह्या गटाने 'गार्गी' हा मुक्त देवनागरी टंक तयार केला. रेड हॅट कंपनीच्या पुढाकाराने 'लोहित' ही भारतीय लिप्यांची टंकमालिका आली. मुंबईच्या 'एक टाइप' ह्या संस्थेचा 'मुक्ता' टंक तर कोणीही, कोठेही, कोणाचीही परवानगी न मागता वापरू शकतो. अक्षर ही भाषेची सामाईक मालमत्ता आहे, हे ह्या मंडळींनी कृतीने दाखविले.

फोनच्या बाबतीतही असाच पेच आहे, आणि तो जरा चमत्कारिक आहे. भारतातील बहुसंख्य फोन अँड्रॉइडवर चालतात. अँड्रॉइडचा पहिला फोन २००८ साली बाजारात आला. त्याच्या तळाशी लिनक्स आहे आणि त्याची मूळ आज्ञावली आजही मुक्त परवान्याखाली उपलब्ध आहे. परंतु दुकानातून येणाऱ्या फोनवर त्या मुक्त पायाच्या वर गूगलच्या स्वतःच्या बंद सेवांचा मजला चढविलेला असतो. नकाशा, अ‍ॅपचे दुकान, सूचना, छायाचित्रांची साठवण हे सर्व त्या मजल्यावर. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये ह्याच बांधणीसंबंधी गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. मार्च २०२३ मध्ये राष्ट्रीय कंपनी विधी अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला आणि आयोगाचे काही निर्देश रद्द केले. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले.

दुसऱ्याच्या मजल्यावर राहणाऱ्याने घरमालकाची मर्जी गृहीत धरू नये. छायाचित्रांची अमर्याद विनामूल्य साठवण गूगलने १ जून २०२१ पासून बंद केली. तोवर असंख्य कुटुंबांची लग्नकार्ये आणि बारशी तेथे जाऊन बसली होती. ग्रंथप्रेमींना तर जुलै २००९ मधील प्रसंग विसरता येणार नाही. अ‍ॅमेझॉनच्या किंडल ह्या वाचनयंत्रावर लोकांनी विकत घेतलेली जॉर्ज ऑर्वेल ह्यांची 'नाइन्टीन एटी-फोर' आणि 'अ‍ॅनिमल फार्म' ही पुस्तके कंपनीने दूरवरून पुसून टाकली. विक्रेत्याकडे हक्क नव्हते, हे कारण खरे होते आणि पैसेही परत दिले गेले. पुढे कंपनीने क्षमाही मागितली. पण विकत घेतलेले पुस्तक रात्रीतून आपल्या कपाटातून नाहीसे व्हावे, ही गोष्ट कोणत्याही वाचनालयाला अस्वस्थ करणारी आहे.

मग करावे काय? फोन टाकून द्या असे सांगण्यासाठी मी उभा नाही. पर्याय आहेत आणि ते एकेक करून स्वीकारता येतात.

पहिला पर्याय दुकानाचा. 'एफ-ड्रॉइड' हे २०१० साली सुरू झालेले मुक्त अ‍ॅपचे भांडार आहे. तेथे खाते उघडावे लागत नाही. ठेवलेल्या अ‍ॅपची मूळ आज्ञावली खुली असते आणि एखादे अ‍ॅप वापरणाऱ्याचा माग काढीत असेल तर तशी सूचना त्याच्या पानावर दिलेली असते. ऑगस्ट २०२५ मध्ये गूगलने जाहीर केले की, प्रमाणित अँड्रॉइड फोनवर अ‍ॅप बसवायचे तर ते लिहिणाऱ्याने आपली ओळख गूगलकडे नोंदविली पाहिजे. हा नियम टप्प्याटप्प्याने देशोदेशी लागू व्हावयाचा आहे. फसव्या अ‍ॅपना आळा घालण्याचा हेतू त्यामागे सांगितला गेला. अशाने मुक्त भांडारांचे अस्तित्वच धोक्यात येईल, अशी हरकत एफ-ड्रॉइडने घेतली आणि नंतर अनुभवी वापरकर्त्यांसाठी वेगळी वाट ठेवण्याचे गूगलने सांगितले. हा प्रश्न जिव्हाळ्याने पाहण्यासारखा आहे. आपल्या फोनमध्ये काय ठेवावे हे ठरविण्याचा अधिकार त्यात गुंतलेला आहे.

दुसरा पर्याय संदेशांचा. 'सिग्नल' हे संदेशवाहक मुक्तस्रोत असून एक विनानफा प्रतिष्ठान ते चालविते. हे प्रतिष्ठान २०१८ साली स्थापन झाले आणि त्याला आरंभीचे पाच कोटी डॉलर व्हॉट्सअ‍ॅपचेच एक संस्थापक ब्रायन अ‍ॅक्टन ह्यांनी दिले. व्हॉट्सअ‍ॅपमधील मजकूरही २०१६ पासून सिग्नलच्याच पद्धतीने कुलूपबंद असतो, हे मान्य केले पाहिजे. फरक आहे तो मजकुराच्या भोवतालच्या नोंदींत. २०१६ साली अमेरिकेतील एका न्यायालयीन चौकशीत सिग्नल चालविणाऱ्या संस्थेकडे दोन फोन क्रमांकांची माहिती मागण्यात आली. संस्थेला देता आल्या त्या दोनच गोष्टी : खाते कधी उघडले आणि शेवटचा संपर्क कधी झाला. बाकी काही तिने साठविलेलेच नव्हते. नोंदी पुसून टाकणाऱ्या त्या ग्रंथपालांचेच हे धोरण.

तिसरा पर्याय नकाशाचा. 'ओपनस्ट्रीटमॅप' हा २००४ साली स्टीव्ह कोस्ट ह्यांनी इंग्लंडमध्ये आरंभिलेला जगाचा नकाशा आहे. विकिपीडियाप्रमाणे तो स्वयंसेवक तयार करतात. त्यावर आधारलेली 'ऑस्मअँड' आणि 'ऑरगॅनिक मॅप्स' ही अ‍ॅप नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून ठेवतात. चोर्ला घाटातून गोव्याला किंवा आंबोलीमार्गे सावंतवाडीला जाताना संपर्क तुटला तरी वाट दिसत राहते, आणि आपण कोठे आहोत हे कोणाला कळवावे लागत नाही. मात्र रस्त्यावरच्या गर्दीची ताजी माहिती तेथे मिळत नाही, कारण ती माहिती असंख्य फोनांच्या पाळतीतूनच तयार होत असते.

चौथा पर्याय कळफलकाचा. आपण जे जे लिहितो ते सर्व कळफलकाच्या हाताखालून जाते. संकेतशब्द आणि प्रेमपत्रही त्यात आले. 'इंडिक कीबोर्ड' हा भारतीय भाषांसाठी केलेला मुक्तस्रोत कळफलक आहे. मराठी आणि कन्नड धरून वीसहून अधिक भाषा त्यात आहेत. सकाळी गिऱ्हाइकाला कन्नडमध्ये आणि संध्याकाळी बहिणीला मराठीत लिहिणाऱ्या आपल्या सीमाभागातील माणसाला ह्याचे मोल वेगळे सांगायला नको.

पाचवा पर्याय जरा धाडसाचा. फोनची मूळ कार्यप्रणालीच बदलता येते. 'सायनोजेनमॉड' हा अशा प्रकारचा लोकप्रिय प्रकल्प २०१६ च्या अखेरीस बंद पडला. पण आज्ञावली मुक्त असल्यामुळे त्याच कार्यकर्त्यांनी लगेच 'लिनिएजओएस' ह्या नावाने तो पुढे चालविला. कंपनीने ज्या फोनकडे पाठ फिरविली, असे कित्येक फोन त्यामुळे आणखी काही वर्षे चालतात. फ्रान्सच्या गाएल द्यूव्हाल ह्यांनी उभारलेली 'ई' प्रणाली आणि सुरक्षिततेवर भर देणारी 'ग्राफीनओएस' हे आणखी दोन पर्याय. आयफोनवर असे काही करता येत नाही. परंतु सिग्नल आणि ऑरगॅनिक मॅप्स तेथेही चालतात.

आता अडचणी. त्या लपविल्या तर माझे बोलणे जाहिरातीसारखे होईल. कार्यप्रणाली बदललेल्या फोनवर बँकांची आणि यूपीआयची काही अ‍ॅप चालण्यास नकार देतात, कारण फोन मूळ स्थितीत आहे की नाही हे ती तपासतात. ज्याचा रोजचा व्यवहार यूपीआयवर आहे त्याने हाती असलेल्या एकुलत्या एक फोनवर हा प्रयोग करू नये. दुसरी अडचण संगतीची : सगळी नातीगोती व्हॉट्सअ‍ॅपवर असताना एकट्याने सिग्नलवर जाणे म्हणजे रिकाम्या चावडीवर जाऊन बसणे. त्यामुळे घरच्या चौघांपासून सुरुवात करावी हे बरे. तिसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. आज्ञावली खुली आहे म्हणून ती निर्दोष असतेच असे नाही. २०१४ साली 'हार्टब्लीड' नावाचा गंभीर दोष एका मुक्त प्रणालीत सापडला. तो सुमारे दोन वर्षे कोणाच्या ध्यानात आला नव्हता. मार्च २०२४ मध्ये 'एक्सझेड' ह्या छोट्या पण सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या साधनात कोणी हेतुपुरस्सर चोरवाट घातल्याचे उघडकीस आले. आंद्रेस फ्रॉइंड ह्या अभियंत्याला संगणकाशी जोडणी होण्यास अर्ध्या सेकंदाचा उशीर होतो असे जाणवले आणि तो कारण शोधत गेला. चोरवाट घालणेही उघड दारामुळे शक्य झाले आणि ती सापडणेही त्यामुळेच शक्य झाले. तात्पर्य, खुले दार पुरेसे नाही. त्यातून आत डोकावणारी माणसेही हवीत, आणि त्या माणसांच्या श्रमाला आपण वर्गणीचा हात दिला पाहिजे. वाचनालये वर्गणीवर शंभर वर्षे चालतात, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

कायद्याची बाजूही थोडक्यात पाहू. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने एकमताने निर्णय दिला की, खासगीपणा हा भारतीय नागरिकाचा मूलभूत हक्क आहे. ह्या खटल्यातील अर्जदार न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी हे कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश होते. ऐंशी वर्षांचे वय उलटून गेल्यावर त्यांनी हा अर्ज केला होता. ऑक्टोबर २०२४ मध्ये ते निवर्तले. ह्या निर्णयानंतर २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेने केला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून त्यांची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने व्हावयाची आहे. कायदा झाला ही चांगली गोष्ट. परंतु माहिती एकदा हातची गेल्यावर तक्रार करण्यापेक्षा ती मुळात न देणे अधिक सोपे असते.

शेवटी आपल्या वाचनालयाविषयी. दुसऱ्या शतकात पाऊल टाकताना ह्या संस्थेने काय करावे, ह्याविषयी तीन सूचना नम्रपणे मांडतो.

पहिली सूचना नोंदवहीची. देवघेव आज ना उद्या संगणकावर येणारच. त्यासाठी 'कोहा' हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर उपलब्ध आहे. न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआ ह्या लहानशा भागातील ग्रंथालयासाठी ते १९९९ साली लिहिले गेले आणि २००० च्या जानेवारीपासून वापरात आले. कोहा ह्या माओरी शब्दाचा अर्थ भेट असा आहे. आज भारतातील अनेक विद्यापीठांची आणि महाविद्यालयांची ग्रंथालये त्यावर चालतात. परत केलेल्या पुस्तकांचा इतिहास आपल्या नावावर ठेवावा की ठेवू नये, हे सभासदाने स्वतः ठरविण्याची सोय त्यात करता येते. ग्रंथपालाने शंभर वर्षे तोंडी पाळलेला नियम यंत्रालाही पाळायला लावता येतो तो असा.

दुसरी सूचना नकाशाची. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये एकाच गावाचे नाव निरनिराळ्या भाषांत निरनिराळ्या रकान्यांत नोंदविता येते. १ नोव्हेंबर २०१४ पासून ह्या शहराचे अधिकृत नाव बेळगावी झाले, आणि आपल्या घराघरांत बेळगाव हे नावही नांदते आहे. नकाशाच्या रकान्यांत कन्नड नाव आणि मराठी नाव शेजारी शेजारी राहू शकतात. एकाला जागा देण्यासाठी दुसऱ्याला उठावे लागत नाही. बेळगावपासून निपाणीपर्यंतच्या खेड्यांची, वाड्यांची, ओढ्यांची आणि देवळांची नावे वृद्ध माणसांना तोंडपाठ आहेत. शाळा-महाविद्यालयांतील मुलांनी त्यांना विचारून ती दोन्ही लिप्यांत नोंदवावीत. हे काम कोणत्याही कंपनीच्या नफ्यातोट्यात बसणारे नाही. म्हणून ते वाचनालयानेच अंगावर घ्यावे.

तिसरी सूचना अगदी साधी. रविवारी सकाळी तासभर वाचनकक्षातील एक बाक ह्या कामासाठी राखून ठेवावा. ज्यांना फोनमधले कळते अशा तरुणांनी तेथे बसावे. ज्येष्ठ सभासदांनी आपला फोन घेऊन यावा. कोणते अ‍ॅप स्थान विचारते, कोणते नावांची यादी मागते, कोणते कारण नसताना ध्वनिग्राहक उघडू पाहते, हे फोनच्या मांडणीत जाऊन एकत्र पाहावे आणि नको ती परवानगी काढून घ्यावी. ह्याला पैसा लागत नाही आणि फोनही बदलावा लागत नाही. ज्यांना पुढे जावयाचे असेल त्यांनी नकाशा बदलावा, कळफलक बदलावा. ज्यांना तेथेच थांबायचे असेल त्यांनी थांबावे.

सभासदहो, ह्या वास्तूत येणाऱ्या माणसाला तू काय वाचतोस असे कोणी दरडावून विचारले नाही, हे ह्या संस्थेचे शंभर वर्षांचे मोठे पुण्य आहे. नव्या पिढीचे वाचन पुष्कळसे फोनवर होणार. तिलाही हा निर्धास्तपणा मिळावा, ह्यासाठी ह्या तीन सूचनांपैकी निदान रविवारच्या बाकाची सूचना कार्यकारी मंडळाने येत्या बैठकीत विचारात घ्यावी, अशी माझी विनंती आहे. उद्यमबागेतील आम्ही काही जण त्या बाकावर आळीपाळीने बसण्यास तयार आहोत.